नऊ वार आणि वर एक खण

बुधवार, ३ फेब्रुवारी २०१६

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशी पेंगत उभे होतो, तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "आई, इथे सगळीकडे ५० का लिहिलंय?" बघते तर खरंच, जिकडे तिकडे सोनेरी ५०. मला वाटलं विमानतळाचा सुवर्णमहोत्सव असेल. दादा घ्यायला आला होता, तो हसायलाच लागला. "अगं, सुपर बोलचा आठवडा आहे, अमेरिकन फुटबॉलच्या पन्नासाव्या फायनलचा. लोक हजारो डॉलर मोजून येतायत आणि तुला पत्ताच नाही! मैदान आपल्या घरापासून चार-पाच मैलांवर आहे."

पत्ता कसा असणार? पुण्यातून निघताना डोक्यात फक्त चिरंजीवांची शाळेची रजा आणि वहिनीनं मागवलेली नऊवारी होती. अमेरिकन फुटबॉल म्हणजे शिरस्त्राणं घातलेले धिप्पाड पुरुष एकमेकांवर ढीग करून पडतात, मग शिट्टी वाजते, मग सगळे उठून गप्पा मारत उभे राहतात, एवढीच माझी माहिती. फुटबॉल म्हणायचं आणि चेंडूला पाय लावायचाच नाही, हा माझा जुना राग.

गाडीत थोरल्या भाच्यानं शिकवणी सुरू केली. तो अकरा वर्षांचा, त्याची बहीण सहाची आणि आमचे चिरंजीव नऊचे. "आत्या, दर वर्षी रोमन आकडा लिहितात. मागच्या वर्षी एक्सएलआयएक्स होता. पण पन्नास म्हणजे नुसता एल. आणि एल म्हणजे लूझर!" त्यावर तिघं इतकी हसली की दादाला रेडिओ बंद करावा लागला. आयोजकांनाही तो एकटा एल बोडका दिसला असावा. यंदापुरता साधा आकडा, पुढच्या वर्षीपासून पुन्हा रोमन.

'सुपर बोल' हे नाव आलं कुठून, तर पोरांच्या खेळण्यावरून. पूर्वी तिथे एएफएल आणि एनएफएल अशा दोन वेगवेगळ्या लीग होत्या. दोघींच्या विजेत्यांचा पहिला सामना १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिसला झाला. ग्रीन बे पॅकर्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना ३५-१० असं हरवलं. तेव्हा नाव होतं 'एएफएल-एनएफएल जागतिक अजिंक्यपद सामना', म्हणजे सरकारी परिपत्रकाचं शीर्षकच. चीफ्सचे मालक लमार हंट यांच्या घरी मुलं 'सुपर बॉल' नावाच्या, टुणकन छताला लागणाऱ्या रबरी चेंडूनं खेळत असत. तेच डोक्यात असल्यामुळे आपल्या तोंडून 'सुपर बोल' निघालं असावं, असं ते सांगत. (कॉलेजांच्या मोठ्या सामन्यांना आधीपासूनच बोल म्हणत, वाडग्याच्या आकाराच्या स्टेडियमवरून.) ही गोष्ट ऐकून चिरंजीव एकदम खूश. मोठ्यांच्या जगात पोरांचा शब्द टिकला, हे त्याला फार पटलं.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

पहाटे तीनला टक्क जाग. दिवसभर मी डुलक्या काढल्या, पोरं शाळेतून आली आणि खरा वर्ग भरला.

"प्रत्येक बाजूला अकरा जण," भाचा सांगू लागला. "मैदान १०० यार्ड. दोन्ही टोकांना आणखी दहा-दहा यार्डांचा एंड झोन. बॉल घेऊन दुसऱ्याच्या एंड झोनमध्ये गेलं की टचडाउन. सहा पॉइंट."

"यार्ड म्हणजे केवढा?" चिरंजीवांना मीटर कळतो, यार्ड नाही. भाच्याला यार्ड कळतो, मीटर नाही. मला मात्र एकदम उजेड पडला. यार्ड म्हणजे आपला वार! आणि माझ्या बॅगेत नऊ वार तयारच होते.

लक्ष्मी रोडवरून आणलेली जांभळी नारायणपेठी उलगडून दाराशी एक टोक धरलं आणि भाची दुसरं टोक घेऊन पळाली. दिवाणखाना संपला, जेवणाचं टेबल मागे पडलं, ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी पोचली. वहिनी किंचाळली, "अगं, कोरी साडी आहे ती!" पण तोवर उशीर झाला होता. "हे झाले नऊ," मी म्हटलं, "आणि पुढे हा खण ठेव." खण साधारण वारभराचा. झाले दहा.

या खेळाचा सगळा जीव या दहा वारांत आहे. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार संधी मिळतात. प्रत्येक संधीला डाउन म्हणतात. एका संधीत चेंडू घेऊन पळा, नाहीतर पुढच्या गड्याकडे फेका. पळणारा जिथे आडवा झाला तिथे ती संधी संपली. चार संधींत मिळून नऊवारी आणि खण ओलांडला, की पुन्हा नव्या चार संधी. नाही ओलांडला, तर चेंडू आहे तिथून समोरच्यांचा.

चिरंजीवांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे चार बॉलची ओव्हर. दहा रन निघाल्या तर पुढची ओव्हर पण आपलीच. नाही निघाल्या तर बॅटिंग त्यांची."

भाच्याला क्रिकेट बेतास बात कळतं. तो म्हणाला, "तसंच काहीतरी." पण मला तेवढ्यानं अर्धा खेळ समजला. ते जे शिट्टीनंतर घोळका करून उभे राहतात ते गप्पा मारत नसतात, पुढच्या चेंडूचा बेत ठरवत असतात.

मग साडीवरच खेळ सुरू झाला. चेंडू म्हणून सोफ्यावरची उशी. पहिल्या संधीत चिरंजीव साडीच्या काठानं तीन वार पळाले आणि भाच्यानं कमरेला मिठी मारून पाडलं. मला तर ही कबड्डीतली पकडच वाटली. दुसऱ्या संधीत उशी फेकली, ती दिव्याला लागली. फेक कुणी झेलली नाही तर एक वारही मिळत नाही, संधी मात्र जाते. तिसऱ्या संधीत आणखी चार वार. उरले तीन वार आणि एक संधी.

"आता बॉल देऊन टाकायचा," भाचा म्हणाला. चिरंजीव चक्रावले. आपणहून? हा भाग मलाही जरा वेळानंच उमजला. चौथी संधी फसली तर समोरच्यांना चेंडू तिथेच मिळणार, आपल्या घराच्या, म्हणजे एंड झोनच्या, दाराशी. त्यापेक्षा लाथ घालून तो लांब भिरकावायचा, म्हणजे त्यांना लांबून चालत यावं लागतं. याला पंट म्हणतात. आणि समोरचं घर जवळ असेल, तर चेंडू लाथाडून त्या टोकाच्या दोन उंच दांड्यांमधून काढायचा, त्याचे तीन गुण. म्हणजे पाय लागतो तर एकूण. माझा राग थोडा निवळला.

रात्री दादानं एका जुन्या सामन्याची चित्रफीत दाखवली. मैदानावर एक पिवळी रेघ होती, त्या दहा वारांच्या हद्दीवर. चिरंजीव म्हणाले, "ते लोक सारखी रेघ पुसून नवी कधी काढतात?" ती रेघ मैदानावर नसतेच. १९९८पासून टीव्हीवाले ती संगणकानं फक्त आपल्याला दाखवतात. मैदानावर कडेला माणसं दहा वारांची साखळी घेऊन उभी असतात आणि वाद झाला तर ती साखळी आत आणून मोजतात. एवढं तंत्रज्ञान आणि शेवटी कापडाच्या दुकानासारखी मोजणी!

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

संध्याकाळी सनीवेलच्या मंदिरात जाऊन आलो. परतताना दादानं गाडी स्टेडियमच्या बाजूला वळवली, पण टॅस्मन ड्राइव्ह बंद, कुंपणं, पोलीस. लांबूनच लीव्हाइज स्टेडियम पाहिलं. २०१४ साली उघडलेलं, सुमारे ६८,५०० आसनांचं. नाव सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचं, मैदान मात्र सांता क्लारात. फोर्टीनाइनर म्हणजे १८४९ साली सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियात धावून आलेले लोक. यंदा हा संघ अंतिम सामन्यात नाही, त्यामुळे दादा तटस्थ आणि जरा उदास.

स्टेडियमला खेटून पोरांची सॉकरची मैदानं आहेत. सामन्याच्या तयारीसाठी ती आठवडे आधी ताब्यात घेतली, तेव्हा मुलांच्या लीगनं कोर्टात धाव घेतली होती. कोर्टानं काही अडवलं नाही. भाचा हे सांगताना चांगलाच तापला होता. पोरांना खेळाची गोडी लागावी म्हणून जाहिराती करायच्या आणि पोरांचंच मैदान घ्यायचं, हे मलाही खटकलं.

शनिवार, ६ फेब्रुवारी

कॅलट्रेननं सॅन फ्रान्सिस्को. आमच्या लोकलची सवय म्हणून मी निर्धास्त होते, पण गर्दी पाहून वहिनीनं भाचीचा हात जो धरला तो सोडला नाही. निम्मा डबा नारिंगी कपड्यांत, म्हणजे डेन्व्हर ब्रॉन्कोजवाले. उरलेले काळ्या-निळ्यातले कॅरोलायना पँथर्सवाले. दोन्ही गट एकमेकांचे फोटो काढून देत होते. हे दृश्य मला आवडलं.

फेरी बिल्डिंगच्या घड्याळासमोर 'सुपर बोल सिटी' उभारली होती. प्रवेश फुकट, पण रांग पंढरपूरची. त्यातच भाचीनं विचारलं, "ते लोक टेंटमध्ये का राहतात?" रस्त्यावर राहणाऱ्यांना या जत्रेसाठी हलवलं जातंय म्हणून तिथे बुधवारी मोर्चाही निघाला होता. तिला काय सांगायचं ते वहिनीला सुचलं नाही, मलाही नाही.

पोरांचा खरा आनंद मॉस्कोनी सेंटरमध्ये होता. तिथे तिकीट काढून आत गेलं की पळा, फेका, लाथाडा. चिरंजीवांनी तीन गुणांची लाथ मारली. चेंडू दांड्यांच्या आसपासही गेला नाही, मागच्या बाईंच्या पॉपकॉर्नवर पडला. बाई हसल्या.

मी तो चेंडू प्रथमच हातात घेतला. दोन्हीकडे टोकदार, साधारण ११ इंच लांब, वजनाला चारशे ग्रॅमच्या आत-बाहेर. कातड्यावर बारीक दाणे, मध्ये पांढऱ्या दोरीची शिवण. त्या शिवणीत बोटं अडकवून फिरकी देत फेकला की तो भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत सरळ जातो, नाहीतर कोलमडतो. याला 'पिगस्किन' म्हणतात, पण कातडं असतं गाईचं. दादा कुजबुजला, "आईला सांगू नकोस." मी म्हटलं, क्रिकेटचा चेंडू कशाचा असतो रे? तो गप्प झाला.

करंडकाबरोबर फोटो काढायला पाऊण तास. व्हिन्स लोम्बार्डी या प्रशिक्षकाच्या नावाचा तो करंडक. पहिले दोन सुपर बोल त्यांच्याच पॅकर्सनी जिंकले. २२ इंच उंच, ७ पौंड चांदी, टिफनी या सराफांकडे घडवलेला. फिरता नाही, दर वर्षी नवा करतात. भाचीचं मत: "हा तर स्टँडवर ठेवलेला बॉल आहे." आहेच तसा.

अंधार पडल्यावर बे ब्रिजवर २५,००० दिव्यांची लुकलुक सुरू झाली आणि पाय दुखत असल्याचं पोरं पाचेक मिनिटं विसरली.

घरी आलो तर बातम्यांत केन स्टेबलर. ओकलंड रेडर्स संघाचा जुना खेळाडू, मागच्या जुलैत वारला. आज त्याची हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, निवड झाली. आणि तीनच दिवसांपूर्वी जाहीर झालं होतं की त्याच्या मेंदूला सीटीई हा आजार होता. डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या धक्क्यांशी जोडला गेलेला, मृत्यूनंतरच नक्की कळणारा. चिरंजीव म्हणाले, "पण हेल्मेट असतं ना?" हेल्मेट कवटी वाचवतं, आत मेंदू हिसकायचा तो हिसकतोच. वहिनीनं थोरल्याला फक्त फ्लॅग फुटबॉलची परवानगी दिली आहे. त्यात कमरेला दोन पट्ट्या लटकवतात. पट्टी ओढली की गडी पडला असं धरायचं. मला तर तोच खेळ जास्त हुशारीचा वाटला, पण हे दादासमोर बोलले नाही.

रविवार, ७ फेब्रुवारी

सकाळपासून स्वयंपाकघरात दोन देश. एकीकडे चिकन विंग्ज आणि ग्वाकामोली, दुसरीकडे बटाटेवडे आणि भेळ. दादाच्या ऑफिसातली मंडळी आली आणि वडे आधी संपले, याची नोंद राहावी.

पक्ष ठरले. भाची ब्रॉन्कोजकडे, कारण त्यांच्या हेल्मेटवर घोडा. भाचाही तिकडेच, कारण पेटन मॅनिंग. हा क्वार्टरबॅक, म्हणजे दर संधीला चेंडू पहिल्यांदा ज्याच्या हातात येतो आणि पळायचं की फेकायचं हे जो ठरवतो तो. वय ३९. सगळे म्हणत होते हा याचा शेवटचा सामना. चाळिशीला टेकलेली बाई म्हणून माझंही मत त्यालाच. चिरंजीव मात्र पँथर्सकडे, कारण त्यांचा कॅम न्यूटन टचडाउन झाला की चेंडू प्रेक्षकांतल्या एखाद्या मुलाला देऊन टाकतो. याहून चांगलं कारण मला तरी माहीत नाही. शिवाय पँथर्स मोसमात सोळापैकी पंधरा सामने जिंकून आले होते.

ब्रॉन्कोज पांढऱ्या कपड्यांत उतरले. नारिंगी घालून ते चार सुपर बोल हरले होते. सचिन खेळत असताना जागेवरून उठू न देणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला हे अगदी रास्त वाटलं.

साडेतीनच्या सुमारास लेडी गागाचं राष्ट्रगीत संपत आलं आणि अचानक खिडक्या थरथरल्या. पोरं अंगणात धावली. नौदलाच्या ब्लू एंजल्सची विमानं गेली होती. पोरं परत येऊन सोफ्यावर बसतात तोच टीव्हीवर तीच सहा विमानं स्टेडियमवरून गेली. "पुन्हा आली?" भाची म्हणाली. नाही गं, टीव्ही मागून येतोय.

डेन्व्हरनं पहिल्याच फेरीत तीन गुण घेतले. मग न्यूटन आपल्याच घराजवळ चेंडू घेऊन उभा होता आणि कडेनं डेन्व्हरचा वॉन मिलर आला. त्यानं गडी पाडला नाही नुसता, हातातला चेंडूच हिसकला. चेंडू घरंगळत पँथर्सच्याच घरात गेला आणि डेन्व्हरचा मलिक जॅक्सन त्यावर पालथा पडला. टचडाउन! बचाव करणाऱ्यांचा! सहा आणि त्यानंतरच्या जादा लाथेचा एक, असे १०-०. चिरंजीवांना वाटलं हे नियमाबाहेर आहे. मी म्हटलं, कबड्डीत चढाईला गेलेला पकडला की गुण कुणाला? त्याला पटलं, पण आवडलं नाही.

चारपैकी दुसऱ्या भागात पँथर्सचा जोनाथन स्ट्युअर्ट माणसांच्या ढिगावरून झेप घेऊन घरात पडला, १०-७. मग एक मजा झाली. पँथर्सनी पंट मारला, डेन्व्हरच्या जॉर्डन नॉरवूडनं तो झेलला. झेलणाऱ्यानं आधी हात वर हलवला तर त्याला हात लावायचा नसतो, पण त्यालाही पळता येत नाही. पँथर्सना वाटलं यानं हात हलवलाय, म्हणून ते नुसते भोवती उभे राहिले. त्यानं हलवलाच नव्हता. गडी ६१ वार पळाला. आमच्याकडे पोरांचा स्टॅच्यूचा खेळ चालतो ना, थेट तसं दिसलं.

मध्यंतराला १३-७ आणि कोल्डप्ले, बियॉन्से, ब्रुनो मार्स. आठवडाभरापूर्वीच कोल्डप्लेचा मुंबईत चित्रित केलेला व्हिडिओ आला होता. त्यात आपले रंग आणि गल्ल्या पाहून दादाचे अमेरिकन सहकारी मला मुंबईबद्दल विचारू लागले. मी पुण्याची आहे हे सांगायचा मोह आवरला. जाहिरातींसाठी मात्र सगळे गप्प बसत. तीस सेकंदांचे पन्नास लाख डॉलर! इथे लोक जाहिरात लागली की पाणी प्यायला उठत नाहीत, खेळ सुरू झाला की उठतात.

उत्तरार्ध खरं सांगायचं तर रटाळ. पँथर्सची एक तीन गुणांची लाथ दांड्याला लागून परत आली. घड्याळ ६० मिनिटांचं, पण ते सारखं थांबतं. भाची झोपली, उठली, तरी १६-१०च.

शेवटची चारेक मिनिटं उरलेली. पुन्हा मिलर. पुन्हा न्यूटनच्या हातातून चेंडू सुटला आणि त्याच्या पायांपाशी पडला. न्यूटन पुढे झुकला आणि मागे सरला. चेंडूवर उडी घेतली नाही. "घे ना!" चिरंजीव टीव्हीसमोर उभे राहून ओरडले. चेंडू डेन्व्हरला मिळाला, थोड्या वेळात सी. जे. अँडरसन घरात शिरला. मग एका लाथेच्या एका गुणाऐवजी त्यांनी फेकून दोन गुण घेतले. २४-१०. ती फेक मॅनिंगची. सामन्याचा मानकरी मिलर.

चिरंजीवांनी जेवताना एकदाच विचारलं, "तो घाबरला का?" दादा म्हणाला, "माहीत नाही रे. पाय अडकला असेल." चिरंजीव अर्ध्या जेवणावरूनच उठले.

सोमवार, ८ फेब्रुवारी

शाळेच्या आधी भाच्यानं वर्तमानपत्र आणलं. पँथर्स एकूण ३१५ वार पुढे गेले, डेन्व्हर १९४. सुपर बोल जिंकणाऱ्या संघानं इतके कमी वार कधीच घेतले नव्हते. चिरंजीवांनी दुधाच्या कपाशेजारी भागाकार मांडला. "आई, हरले ते पस्तीस साड्या गेले. बरोब्बर पस्तीस. आणि जिंकले ते साडेएकवीस."

"मग हरले कसे?" भाचीनं विचारलं.

"चार वेळा बॉल घालवला त्यांनी," थोरला दप्तर उचलत म्हणाला.

पोरं गेल्यावर वहिनी साडीची घडी घालायला बसली. गुरुवारपासून ती सोफ्यामागे तशीच चोळामोळा पडली होती. काठावर भेळेची चिंच लागलीच होती, त्याची कुरकुर सुरू असतानाच ती थांबली. खणाच्या अगदी टोकाला, काठाला समांतर, ऑफिसात वापरतात तसल्या पिवळ्या चिठ्ठ्या एकापुढे एक चिकटवून सरळ रेघ केलेली होती. खण हातात धरून वहिनी माझ्याकडे बघत राहिली, आणि मग त्या चिठ्ठ्या तशाच ठेवून तिनं घडी पूर्ण केली.